नोडची डिफॉल्ट सेटिंग्ज बदलली, तरी मॅक्सपॉड्स ११०च दिसतंय

रिकामा_पॉड
क्युबअ‍ॅडमने (क्लस्टर उभारायचं साधन) उभारलेला क्लस्टर आहे, क्युबरनेटिस (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) १.३१, सीएनआय (पॉडचं नेटवर्क सांभाळणारा भाग) फ्लॅनेल. आठ वर्कर नोड (मशीन) ४ कोअर/१६ जीबीचे, चार १६ कोअर/६४ जीबीचे. सगळ्यांना मॅक्सपॉड्स (एका नोडवर जास्तीत जास्त किती पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) १५० हवंय, मोठ्या चारांना २५०. क्युब-सिस्टिममधल्या क्युबलेट-कॉन्फिग या कॉन्फिगमॅपमध्ये (क्लस्टरमध्ये साठवलेली सेटिंग्ज) हे टाकलं:

मॅक्सपॉड्स: १५०
इव्हिक्शनहार्ड:
  मेमरी.अव्हेलेबल: "५००एमआय"

सेव्ह होऊन तास उलटला, पण डिस्क्राइब नोडमध्ये कपॅसिटीखाली पॉड्स ११०च. कुठे अडलंय? आणि मोठ्या नोडना वेगळा आकडा कसा द्यायचा?

यॅमल_कारकून
अडलेलं काही नाही. तो कॉन्फिगमॅप क्युबलेट (प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा प्रोग्राम) वाचतच नाही. नोड जॉइन होताना किंवा अपग्रेड होताना क्युबअ‍ॅडम त्यातला मजकूर नोडवरच्या /व्हार/लिब/क्युबलेट/कॉन्फिग.यॅमल मध्ये उतरवतो, आणि क्युबलेट सुरू होताना ती फाइल वाचतो. चालू नोडवर बदल आपोआप पोचवणारं डायनॅमिक क्युबलेट कॉन्फिग पूर्वी होतं, पण ते १.२४ मध्ये क्युबलेटमधून काढून टाकलं. त्यामुळे आता जुन्या प्रत्येक नोडवर हे करावंच लागतं:

१. क्युबसीटीएल ड्रेन (नोडवरचे पॉड हलवणं; प्रत्येक नोडवर चालणारे डीमनसेटचे पॉड वगळून)
२. नोडवर: क्युबअ‍ॅडम अपग्रेड नोड फेज क्युबलेट-कॉन्फिग
३. सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट क्युबलेट
४. क्युबसीटीएल अनकॉर्डन (नोड पॉडसाठी पुन्हा खुला)

क्युबलेट रीस्टार्ट केल्याने चालू कंटेनर मरत नाहीत, म्हणून बरेच जण ड्रेन टाळतात. पण अ‍ॅलोकेटेबल (पॉडना देता येणारी मेमरी-सीपीयू) कमी होत असेल, तर रीस्टार्टनंतर क्युबलेट पॉड पुन्हा तपासून घेतो आणि न मावणारे आउटऑफमेमरी किंवा आउटऑफसीपीयू म्हणून फेल करतो. तुम्ही मेमरीचा उंबरठा वाढवताय, तेव्हा ड्रेन कराच. नवे नोड जॉइन होताना नवी सेटिंग्ज आपोआप घेतील.

मोठ्या चारांसाठी ड्रॉप-इन डिरेक्टरी (मूळ कॉन्फिगवर चढणाऱ्या छोट्या फाइल्सची जागा) वापरा. १.३० मध्ये ती बीटा झाली, तेव्हापासून वेगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागत नाही. /ईटीसी/क्युबरनेटिस/क्युबलेट.कॉन्फ.डी ही डिरेक्टरी बनवा आणि /ईटीसी/डिफॉल्ट/क्युबलेट मधल्या क्युबलेट_एक्स्ट्रा_आर्ग्स मध्ये --कॉन्फिग-डिर ने तिचा पाथ द्या (आरपीएमवाल्या सिस्टिमवर ही फाइल /ईटीसी/सिसकॉन्फिग मध्ये असते). आत २०-मोठे.कॉन्फ अशी फाइल, त्यात एपीआयव्हर्शन, काइंड आणि मॅक्सपॉड्स, एवढंच. नावाचा शेवट .कॉन्फ नसेल तर फाइल गुपचूप वगळली जाते. कॉन्फिग.यॅमल हाताने बदलू नका, पुढच्या अपग्रेडला ती पुसली जाईल.

ओओएम_पहारेकरी
मॅक्सपॉड्सपेक्षा तुमचं इव्हिक्शनहार्ड (मोकळी मेमरी किंवा डिस्क किती उरली की क्युबलेट पॉड हाकलतो, ते आकडे) जास्त धोक्याचं आहे. लिनक्सवर मूळ डिफॉल्ट असे: मेमरी.अव्हेलेबल १००एमआय, नोडएफएस.अव्हेलेबल (नोडची मुख्य डिस्क) १०%, नोडएफएस.आयनोड्सफ्री (फाइलनोंदींची मोकळी जागा) ५%, इमेजएफएस.अव्हेलेबल (कंटेनर इमेजची डिस्क) १५%, इमेजएफएस.आयनोड्सफ्री ५%. यातला एक जरी स्वतः लिहिला, तर बाकीचे डिफॉल्ट राहत नाहीत, शून्य होतात. म्हणजे तुमच्या मजकुराप्रमाणे डिस्क पूर्ण भरेपर्यंत एकही पॉड हलणार नाही, आणि डिस्क भरल्यावर कंटेनरडीसकट (कंटेनर चालवणारी सेवा) सगळंच आडवं होईल. पाचही ओळी लिहा. (नव्या आवृत्त्यांत मर्जडिफॉल्टइव्हिक्शनसेटिंग्ज आहे, पण आकडे डोळ्यांसमोर लिहिलेले बरे.)

रिझर्व्हेशन (नोडच्या स्वतःच्या कामांसाठी राखलेली मेमरी-सीपीयू) तर दिसतच नाही. अ‍ॅलोकेटेबल म्हणजे कपॅसिटी वजा क्युबरिझर्व्ह्ड वजा सिस्टिमरिझर्व्ह्ड वजा इव्हिक्शनहार्ड. क्युबअ‍ॅडम यातले दोन्ही रिझर्व्ह्ड रिकामेच ठेवतो. सुरुवातीला गूगलच्या जीकेई या क्युबरनेटिस सेवेचं मेमरीचं सूत्र चालतं: पहिल्या ४ जीआयबीचे २५%, पुढच्या ४ चे २०%, पुढच्या ८ चे १०%, त्यापुढच्या ११२ चे ६%. तुमच्या छोट्या नोडला हे २.६ जीआयबी येतं, मोठ्याला सुमारे ५.५. सीपीयूचं सूत्र ४ कोअरला फक्त ८० मिलिकोअर (कोअरचा हजारावा भाग) देतं. दीडशे पॉडच्या नोडला ते तुटपुंजं आहे, मी तरी ३०० ते ५०० ठेवेन.

एन्फोर्सनोडअ‍ॅलोकेटेबल (मर्यादा कोणावर लादायच्या ते सेटिंग) मात्र डिफॉल्ट पॉड्स वरच राहू द्या. त्यात सिस्टिम-रिझर्व्ह्ड घालून सिस्टिमरिझर्व्ह्डसीग्रुप (सिस्टिम सेवांचा गट) दिला नाही, तर क्युबलेट उठतच नाही. दिला आणि आकडा कमी पडला, तर एसएसएचडीच (दूरून लॉगिन देणारी सेवा) मारला जातो आणि नोडवर शिरायची वाट बंद.

ब्रिज_झीरो
फ्लॅनेल आहे म्हणून: प्रत्येक नोडला डिफॉल्ट /२४ (आयपी पत्त्यांचा पट्टा) मिळतो, म्हणजे जेमतेम २५४ पत्ते. २५० पॉड कागदावर बसतात, पण रोलआउटमध्ये (नवी आवृत्ती चढवताना) जुने पॉड बंद होतायत आणि नवे येतायत अशा वेळी पत्ते संपतात, मग पॉड कंटेनरक्रिएटिंगवर लटकतात. २५० साठी /२३ लागेल. तो कंट्रोलर-मॅनेजरच्या --नोड-सीआयडीआर-मास्क-साइज ने ठरतो आणि आधीच्या नोडचा पॉडसीआयडीआर (त्याला मिळालेला पत्त्यांचा पट्टा) बदलता येत नाही, नोड ऑब्जेक्ट डिलीट करून पुन्हा जॉइन करावा लागतो. शिवाय पॉड नेटवर्क /१६ असेल तर /२३ ने नोडची मर्यादा २५६ वरून १२८ वर येते, तुम्हाला ती पुष्कळ आहे. कॅलिको या दुसऱ्या सीएनआयच्या आयपॅममध्ये (पत्ते वाटणारा भाग) ही अडचण येत नाही, तिथे नोड ६४-६४ पत्त्यांचे ब्लॉक गरजेप्रमाणे घेतो.

रिकामा_पॉड
मोठ्यांना तूर्त १५०च ठेवतोय, /२३ नंतर. इव्हिक्शनच्या पाचही ओळी आणि रिझर्व्हेशन घातलं. दहा नोडवर १५० आलं, दोन छोटे अजून ११०. त्यांची कॉन्फिग.यॅमल बघितली, तिच्यात १५० आहे.

यॅमल_कारकून
मग त्या दोघांवर कुठेतरी --मॅक्स-पॉड्स हा जुना फ्लॅग आहे. क्रम असा: कॉन्फिग.यॅमल, तिच्यावर ड्रॉप-इन, आणि सगळ्यांच्या वर कमांड लाइनचे फ्लॅग. पीएस ने चालू क्युबलेटची पूर्ण कमांड पाहा, मग /व्हार/लिब/क्युबलेट/क्युबअ‍ॅडम-फ्लॅग्स.ईएनव्ही आणि /ईटीसी/डिफॉल्ट/क्युबलेट तपासा. फ्लॅग काढा, क्युबलेट रीस्टार्ट करा. खरोखर लागू झालेली सेटिंग्ज हवी असतील तर क्युबसीटीएल गेट --रॉ ने त्या नोडच्या प्रॉक्सीवरचं कॉन्फिगझेड वाचा, डिस्कवरच्या फाइलवर भिस्त ठेवू नका.

रिकामा_पॉड
/ईटीसी/डिफॉल्ट/क्युबलेट मध्येच होता. काढला, दोन्हींवर १५० आलं. कॉन्फिगझेडमध्ये इव्हिक्शनचे पाचही आकडे दिसतायत.