यूव्ही लावताच माझा अ‍ॅझोबेन्झिनचा पिंजरा विस्कटतो, लिगंड बदलू का?

दांडियाबझारकर: नमस्कार. बडोद्यात पीएचडीचं तिसरं वर्ष. पॅलेडियम धातूचे दोन आयन, त्यांना जोडणारे चार वाकडे लिगंड (धातूला धरून बसणारे रेणू) आणि प्रत्येक लिगंडच्या पोटात अ‍ॅझोबेन्झिन, म्हणजे प्रकाशात आकार बदलणारा भाग, असा आतून पोकळ रेणूचा पिंजरा बांधलाय. 365 नॅनोमीटरच्या प्रकाशात अ‍ॅझोबेन्झिनच्या सरळ (ट्रान्स) रूपाचं वाकलेलं (सिस) रूप व्हावं आणि आतला पाहुणा रेणू बाहेर पडावा, एवढीच इच्छा. पण अर्धा तास दिवा लावला की एनएमआर या रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राच्या आलेखातले टोकदार पीक जाऊन पसरट ढिगारा उरतो. शिवाय दिवा एका इमारतीत, एनएमआर दुसऱ्या. मे महिन्याच्या दुपारी नळी हातात धरून अंगण ओलांडते. आठ महिने गेलेत. फार जीव लागलाय या रेणूवर.

रावपुऱ्याचे काका: पोरी, नळीला फॉइल गुंडाळतेस ना? निळ्या उजेडात सिस परत ट्रान्स होतं, उष्णतेनेही होतं. उघडी नळी नेलीस तर दिव्याने काय केलं ते कळणारच नाही, अंगणातल्या उन्हाने काय केलं तेवढंच कळेल.

आता ढिगारा. 365 वर सगळे लिगंड कधीच वळत, म्हणजे सिस होत, नाहीत. समज, 80 टक्के वळले आणि प्रत्येक जण आपापला वळला. मग चारही वळलेले पिंजरे 0.8 चा चौथा घात, म्हणजे जेमतेम 41 टक्के. बाकीच्यांत कुठे तीन वळलेले, कुठे दोन, तेही कधी शेजारी तर कधी समोरासमोर. इतक्या तऱ्हेचे पिंजरे एका नळीत असले की पीक पसरणारच. त्याला लगेच तुटला म्हणू नकोस. तुटूही शकतो, कारण अ‍ॅझोबेन्झिनच्या दोन टोकांतलं अंतर 9 अँगस्ट्रॉमवरून 5.5 वर येतं आणि तो ताण पॅलेडियमच्या बंधांवर पडतो. डॉसी लाव, म्हणजे कुठला रेणू द्रावणात किती वेगाने सरकतो ते एनएमआरनेच मोज. सुटा लिगंड पिंजऱ्यापेक्षा भरभर पसरतो, लगेच ओळखू येईल.

मांडवीची ताई: अ‍ॅझोबेन्झिनऐवजी डायथायनिलइथीन या प्रकाशाने बदलणाऱ्या दुसऱ्या भागाचाही विचार कर. यूव्हीत त्याचं कडं बंद होतं, दृश्य प्रकाशात उघडतं, लांबी फारशी बदलत नाही आणि अंधारात बंद रूप टिकतं. रसायनशास्त्रज्ञ गिडो क्लेव्हर यांच्या गटाने 2013 मध्ये असाच पॅलेडियमचा पिंजरा दाखवला. उघडं रूप लवचिक, ते पाहुण्याला जास्त घट्ट धरतं.

पुढे फोटोकॅटॅलिसिस करशील, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर पिंजऱ्याकडून रासायनिक क्रिया घडवशील, तेव्हा बाटलीचा तळ बघ. इलेक्ट्रॉन देणारं ट्रायइथाइलअमाइन घातलं की पॅलेडियमची काळी भुकटी बसू शकते, आणि मग काम ती करते, श्रेय पिंजऱ्याला जातं. सेन्सिंगमध्ये, म्हणजे पिंजऱ्याची चमक बदलते का यावरून एखादा पदार्थ ओळखताना, पिक्रिक अ‍ॅसिडपासून जप. ते स्वतःच 365 च्या आसपासचा प्रकाश पितं, त्यामुळे चमक घटली म्हणजे पिंजऱ्याने ओळखलं असं होत नाही.

दांडियाबझारकर: काका, फॉइल गुंडाळून आज डॉसी लावली. ढिगाऱ्याचा मोठा भाग पिंजऱ्याच्याच वेगाने सरकतोय! सुटा लिगंड आहे, पण थोडा. ताई, डायथायनिलइथीन वहीत लिहून ठेवलंय, पण आधी एनएमआरच्या खोलीतच एलईडी बसवून याच पिंजऱ्याचे आकडे घेते.