गरोदरपणी आनंदी राहा : सल्ला की धमकी?

वैनगंगा
आमच्या मनीषनगरातील सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर काल एका गर्भसंस्कार वर्गाच्या संचालिकेची पोस्ट आली. सातव्या महिन्यानंतर आईने गाळलेला प्रत्येक अश्रू बाळाच्या मेंदूत नोंदला जातो, म्हणून नऊ महिने प्रसन्न राहणे हे गर्भवतीचे पहिले कर्तव्य होय, असा तिचा आशय. खाली अभिमन्यू आणि चक्रव्यूह होतेच. तिथे मी गप्प बसले, इथे बसणार नाही.

माझ्या सातव्या महिन्यात बाबा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. दाराबाहेरच्या लोखंडी बाकावर मी रडत असताना ओळखीच्या एक बाई माझ्या तोंडाकडे न पाहता पोटाकडे पाहून म्हणाल्या, "बाळाचा तरी विचार कर." बाबा गेले. पुढे लेक जरा उशिरा बोलू लागली, तेव्हा कोणत्या दिवशी आपण किती रडलो होतो याचा हिशेब मी कित्येक रात्री मांडत बसले. आज ती पाच वर्षांची आहे आणि तिला गप्प कसे करावे हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

ताणामुळे आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, हे मी नाकारत नाही. परंतु वार (गर्भाशयात आई आणि बाळ यांना जोडणारा अवयव) म्हणजे काही उघडी खिडकी नव्हे. तिच्यातील एक विकर (एन्झाइम) त्या कॉर्टिसॉलचा बराच मोठा भाग निष्क्रिय करूनच पुढे सोडते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॅनेट डिपिएत्रो यांच्या २००६ सालच्या अभ्यासात तर निरोगी, सुशिक्षित स्त्रियांच्या सौम्य ते मध्यम ताणाचा संबंध दोन वर्षांच्या मुलांच्या किंचित सरस विकासाशी दिसला होता. हे त्या पोस्टवाल्यांना कोण सांगणार?

रात्रपाळी
वैनगंगाताई, तुमचे दुःख खरे आहे आणि ती पोस्ट वाईट आहे, पण तुम्हीही सोयीचा तेवढाच अभ्यास उचललात. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास सुमारे चौदा हजार गर्भवतींची नोंद करून त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. त्यात गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात तीव्र चिंतेत असलेल्या मातांच्या मुलांमध्ये चौथ्या वर्षी वर्तनाच्या आणि भावनिक अडचणी अधिक आढळल्या, आणि बाळंतपणानंतरचे आईचे नैराश्य वेगळे काढूनही तो संबंध उरला. मी स्त्रीरोग विभागात काम करते. "पूर्वीच्या बायका शेतात बाळंत होत होत्या, तुलाच काय झाले?" असे म्हणून जिला उपचारापासून रोखले गेले, अशी स्त्री मला दर आठवड्याला भेटते. ताणाने काही होत नाही, हे तिच्या सासरच्यांना ऐकायचेच असते. तो दाखला तुम्ही त्यांच्या हाती देऊ नका.

इतवारीच्या काकू
मी बावीस वर्षे गर्भसंस्काराचे वर्ग घेतले. परंपरेला दोन फटके मारल्याशिवाय या पिढीला आपण शिकलेलो आहोत असे वाटतच नाही. वर्गाला येणारी मुलगी तासभर सतरंजीवर पाय पसरून डोळे मिटून बसते. घरी तिला तेवढा वेळ कोणी देत नाही, आणि कित्येक जणी तर श्लोक सुरू होण्याआधीच झोपी जातात. मी त्यांना कधीही उठवलेले नाही. सातव्या महिन्यात मुलीला माहेरी नेण्याची रीतसुद्धा जुन्या लोकांनी उगीच घातली नव्हती.

सांख्यिक
काकू, झोपेबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, श्लोकांबद्दल क्षमस्व.

मूळ मुद्द्यात एक गफलत आहे. चिंताग्रस्त आई मुलाला गर्भातील वातावरण देते, तशीच जनुकेही देते. कार्डिफच्या संशोधकांनी यासाठी कृत्रिम गर्भधारणेतून झालेली मुले घेतली, कारण त्यांतील काहींच्या बाबतीत स्त्रीबीज दुसऱ्या स्त्रीचे होते. आईच्या ताणाचा जन्मवजनाशी असलेला संबंध जनुकांचे नाते नसतानाही टिकला, मात्र अतिचंचलतेशी असलेला संबंध केवळ रक्ताचे नाते असलेल्या जोड्यांतच दिसला. म्हणजे काही ताणाचे, काही वारशाचे. याउपर गरिबी, अपुरे अन्न आणि घरातील मारहाण हे सगळे ज्या घरात एकत्र नांदते, तिथे ताण वेगळा काढून मोजणार कसा?

मिहानवाला
काकूंनी माहेरचा विषय काढला म्हणून बोलतो. माझी पत्नी सातव्या महिन्यात गोंदियाला गेली आणि बाळ अडीच महिन्यांचे झाल्यावर परतली. मी शनिवारी रात्री गाडी पकडायचो आणि सोमवारी पहाटे थेट कामावर हजर व्हायचो. बाळाने पहिल्यांदा हसून पाहिले ते मामाकडे. बापाला ताण नसतो का? त्याच्यावर कोणी अभ्यास का करत नाही? ही माहेरची प्रथा आता बंद व्हायला हवी.

वाळ्याचा पडदा
मिहानवाले भाऊ, मी माहेरी गेले नव्हते, म्हणून न जाण्यातले सुख काय असते ते ऐका.

आठवा महिना आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) एकत्र आले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि मोटर बिघडल्यामुळे पाणी खालच्या नळाला. बैठकीतल्या कूलरची टाकी एका वेळी सहा बादल्या पिते. वाळ्याचे ताटवे दुपारी दोनपर्यंत खडखडीत होत, आणि आत झोपलेल्या सासऱ्यांची हाक येई, "हवा गरम येऊन राहिली." मी दोन्ही हातांत अर्धी-अर्धी बादली घेऊन प्रत्येक मजल्यावर टेकत चढत असे. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. मी टाकी भरत असताना बाळाच्या कानावर पडावे म्हणून त्या मोबाईलवर गर्भसंस्काराची बासरी लावून ठेवत. पस्तिसाव्या आठवड्यात बाळंत झाले. बादल्यांमुळेच तसे झाले असे मी म्हणणार नाही, पण तीव्र उन्हाळ्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा संबंध अनेक देशांत आढळलेला आहे. तुम्ही रेल्वेत दमलात याचे मला वाईट वाटते. तुमच्या घरचा कूलर कोण भरत होते?

मिहानवाला
कूलरचा इथे काय संबंध? प्रत्येक पुरुषाला एकाच काठीने झोडपायचे असेल तर मग चर्चा कशाला म्हणायची? मी दिवसाचे दहा तास काम करून घरी येतो.

वाळ्याचा पडदा
मीही नोकरी करत होते. बादल्यांचे तास मी त्यात धरलेले नाहीत.

सांख्यिक
कूलरचा संबंध आहे. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेकमध्ये बर्फाळ पावसाच्या वादळाने विजेचे जाळे कोसळले आणि काही घरे कित्येक आठवडे अंधारात राहिली. संशोधिका सुझान किंग यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा अभ्यास केला. बुद्धी आणि भाषेच्या विकासाचा संबंध आई मनातून किती घाबरली यापेक्षा तिचे प्रत्यक्ष हाल किती झाले, किती दिवस वीज नव्हती, याच्याशी अधिक आढळला. काळजी करू नकोस, हा उपदेश तिथे अंधारात बसलेल्या बाईच्या काय कामाचा होता?

इतवारीच्या काकू
बरे बाबा, पुढच्या तुकडीचा पहिला पाठ कूलरचा ठेवते आणि नवऱ्यांना बादली घेऊन बोलावते. बासरी दुसऱ्या दिवशी. आता झाले समाधान?

रात्रपाळी
काकू, तुम्ही थट्टेने म्हणालात, पण मी तुमच्या वर्गात येऊन बोलायला तयार आहे. आमच्याकडे गर्भवतीचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळे कार्डावर लिहिले जाते. झोप लागते का, जीव नकोसा होतो का, हे विचारायला कार्डावर रकानाच नाही. एडिनबरा येथे १९८७ साली तयार झालेली यासाठीची प्रश्नावली केवळ दहा प्रश्नांची आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात नैराश्यग्रस्त गर्भवतींशी नेमके कसे बोलावे याचे प्रशिक्षण गावातल्या आरोग्यसेविकांना दिले गेले, तेव्हा बाळ सहा महिन्यांचे होईतो त्या मातांमध्ये नैराश्य २३ टक्के उरले. नुसत्या नेहमीच्या भेटी झालेल्यांत ते ५३ टक्के होते. बाळांच्या वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही, हेही सांगते, नाहीतर सांख्यिक रात्री मला झोपू देणार नाहीत. अतिसार मात्र कमी झाला आणि लसीकरण वाढले.

वैनगंगाताई, तुमच्यासाठी एक गोष्ट राहिली. लंडनमधील २०१० च्या एका अभ्यासात गर्भजलातील कॉर्टिसॉल आणि सतराव्या महिन्यातील बौद्धिक विकास यांचा उलटा संबंध आढळला, पण आईशी घट्ट, निर्धास्त नाते जुळलेल्या मुलांत तो दिसला नाही.

वैनगंगा
ही शेवटची ओळ पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. तुमचे मला निम्मेच पटले आहे: उपचार नाकारणाऱ्या सासरच्यांना माझे लेखन उपयोगी पडेल हे मी ध्यानात घेतले नव्हते, ते मान्य. पण त्या बाकावर मला कोणी तुमची दहा प्रश्नांची यादी दिली नव्हती, पोटाकडे बोट तेवढे दाखवले होते. आता सोसायटीच्या गटावर उत्तर लिहिते आहे. बादल्यांचा किस्सा नाव न घालता वापरला तर चालेल का?

वाळ्याचा पडदा
चालेल. मजला मात्र तिसराच ठेवा.

मिहानवाला
आमचा कूलर कोण भरायचे ते बायकोला विचारले. ती अजून हसते आहे. माहेरच्या प्रथेबद्दलचे माझे मत कायम आहे.