नव्या गिझरला जादा सर्व्हिस कव्हर: सरसकट ‘नको’ म्हणणाऱ्यांना उत्तर

राजारामपुरी आठवी गल्ली

काल ‘खरा कोल्हापुरी’ यांनी याच फोरमवर लिहिलं: “नवा गिझर घेतला की दुकानदार जादा कव्हर गळ्यात मारतो. मशीनला दोन वर्षं, टाकीला पाच-सात वर्षं कंपनीची वॉरंटी असतेच. वर पैसे भरणं म्हणजे पंचगंगेत नोटा सोडणं. शहाण्याने कधीच घेऊ नये.” खाली अंगठ्यांची रांग लागली. वाचून डोकं फिरलं.

साहेब, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यात. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे बिघडलं तर दुरुस्त करून देणं. एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल करार: बिघडू नये म्हणून वर्षातून एकदा माणूस येऊन टाकी खोलतो, खार काढतो, रॉड बघतो. पहिलीला विरोध करा, मी तुमच्या बाजूने. दुसरीला ‘कधीच नको’ म्हणणं म्हणजे लोकांचं नुकसान करणं.

टाकीच्या आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, अ‍ॅनोड म्हणतात त्याला. पाणी टाकीच्या पत्र्याला लागण्याआधी त्या रॉडला खातं, त्याचं कामच ते. नवा असतो तेव्हा अंगठ्याएवढा जाड. आमच्या आईकडचा गिझर खोलला तेव्हा मधली लोखंडी तार तेवढी उरली होती आणि तिच्यावर भुसभुशीत पांढरा थर. बोट लावलं की गळून पडायचा. टाकीच्या तळाला खपल्या साठलेल्या, कॉइल तर दिसतच नव्हती. रॉड संपला की पाणी टाकीच्या आतल्या काचेच्या अस्तरातल्या बारीक चिरांतून पत्र्याला धरतं. मग टाकी गळते, आणि गळकी टाकी कुणी जोडून देत नाही, बदलावीच लागते.

“टाकीला सात वर्षं आहेत की,” असं म्हणाल. कार्डाची मागची बाजू वाचा. आमच्या कार्डावर स्वच्छ लिहिलंय की क्षारामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. बोअरचं पाणी असलेल्या घरात ती सात वर्षं कागदावरच राहतात.

खरा कोल्हापुरी

तुमचं रॉडपुराण वाचलं. आता हिशोब ऐका. पंधरा लिटरचा गिझर आठ हजारांचा. तीन वर्षांच्या जादा कव्हरला मला २,४०० सांगितले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८३२. गिझरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आणि त्यात बिघडण्यासारखं असतं काय? पाणी तापवणारी कॉइल आणि ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा थर्मोस्टॅट. लक्ष्मीपुरीत दोन्ही मिळतात, मजुरी धरून दीड हजारात काम होतं. तेही दोन्ही एकदम गेले तर.

राहिली तुमची एएमसी. माझ्या भावाने घेतली होती. कंपनीचा पोरगा आला, बाहेरून फडकं मारलं, टेस्टर लावला, सही घेतली आणि निघाला. टाकी खोल म्हटलं तर ‘सर, ते स्कोपमध्ये नाही.’ तक्रारीला फोन केला की मुलगी हिंदीत पिनकोड विचारते, टोकन नंबर देते आणि चार दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असा मेसेज येतो. घरी कोणी फिरकलेलं नसतं! आम्ही पैसे मोजायचे आणि आम्हीच फोनला चिकटून बसायचं, याचा मला संताप आहे. तुम्हाला नसेल.

बावड्याचा वायरमन

दोघंबी थांबा जरा. माझी हयात गिझर खोलण्यात गेली, म्हणून बोलतो.

रॉडचं राजारामपुरीवाले सांगत्यात ते बरोबर हाय. पण कंपनीच्याच माणसानं बघितला पायजे असं कुठं हाय? गल्लीतला चांगला मिस्त्री बोलवा, पुढ्यात टाकी खोलून घ्या, रॉड हातात घेऊन बघा. निम्मा झाला असंल तर बदला. आणि थर्मोस्टॅट पार टोकाला नेऊन ठेवू नका. पन्नास-पंचावन्न अंशाला ठेवा. साठच्या वर गेलं की खार झपाट्यानं धरतो. आंघोळीला तुमी त्यात गार पाणी घालताच की, मग एवढं उकळायचं कशाला?

आता खरं सांगायचं ते. लोकं कव्हरवर भांडत्यात आणि सेफ्टी व्हॉल्व्हकडं कुणाचं ध्यान न्हाई. पाणी तापलं की फुगतं, ते जादा पाणी व्हॉल्व्हमधनं थेंब थेंब बाहेर पडतं. पडू दे. एका घरी गेलो तर मालकानं त्या भोकाला एमसील लावलेलं, फरशी ओली हुती म्हणून! थर्मोस्टॅट आणि पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउट दोन्ही अडकलं असतं तर टाकी फुटून भिंत गेली असती. आत घरातली पोरं आंघोळ करत हुती वो. माझं अंग गार पडलं. ते एमसील मी तितंच खरवडून काढलं, मग पुढचं काम.

अर्थिंग बी तपासा. कसलंबी कव्हर घेतलं तरी शॉक काय चुकत न्हाई.

टाकाळ्याची वहिनी

कव्हर नेमकं देतंय कोण, हे कुणीच विचारत नाही. कार्डावर गिझर कंपनीचं नाव आहे की तिसऱ्याच कुणाचं? आमच्या सासूबाईंच्या गिझरचं कव्हर दुकानदाराने दिलं, कागद भलत्याच कंपनीचा. गिझर बंद पडल्यावर दुकानदार म्हणाला आमचा संबंध नाही, गिझर कंपनी म्हणाली आम्ही विकलंच नाही. ऐन थंडीत सासूबाई स्टोव्हवर पातेली चढवत होत्या, गुडघे दुखत असताना. मला अजून त्याचा राग आहे.

असं झालं तर गप्प बसू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. पण बिल जपून ठेवा. अर्धी माणसं गिझरच्या खोक्याबरोबर बिलही रद्दीत घालतात.

पाचगावकर

वहिनी, तुमचं पटलं. पण मुळावर कोणी बोलतच नाही. खार येतो कुठून? बोअरच्या पाण्यातून. आणि आम्ही बोअरचं पाणी हौसेने वापरतो का? शहरात काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत, त्या पाण्याने केलेल्या अभ्यंगस्नानाच्या बातम्या आम्हीही वाचल्या. आमचं पाचगाव शहराच्या हद्दीबाहेर, आमच्या कॉलनीत आजही बोअर नाहीतर टँकर. शॉवरची जाळी महिन्याभरात पांढरी होते, नळाच्या तोंडाला दगड धरतो. तुमचा रॉड पाच वर्षं टिकेल, आमचा दोन वर्षांत संपतो. दुकानदार मात्र दोघांना एकच कार्ड देतो.

खरा कोल्हापुरी

मग हद्दवाढीला विरोध कोणी केला? १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द वाढवायचं नाव काढलं की तुमच्याकडची गावं बंद पुकारतात. शाळा, दवाखाना, मंडई, केएमटीची बस सगळं शहराचं वापरायचं, घरफाळा ग्रामपंचायतीचा भरायचा आणि वर पाणी मागायचं. असं कसं चालेल?

पाचगावकर

तोंड सांभाळून बोला. शहरात जी उपनगरं आधीच आहेत त्यांना तरी रोज पाणी मिळतं का, ते सांगा. थेट पाइपलाइनला गळती लागली, पंप बंद पडला की पुन्हा टँकरच. तुमच्या हद्दीत येऊन घरफाळा वाढणार, गावठाणातली जमीन आरक्षणात जाणार, आणि पाणी कधी येणार ते कोणी लिहून देत नाही. आधी पाइप टाका, मग हद्दीचं बोला. आमच्या वडिलांनी शहरासाठी जमीन दिली आणि पुढची कित्येक वर्षं मोबदल्यासाठी चकरा मारल्या. आम्हाला फुकटे म्हणू नका.

राजारामपुरी आठवी गल्ली

फुकटे हा शब्द कुणी वापरलेला नाही. पण खरा कोल्हापुरी, तुमचा सूर तोच होता आणि तो चुकीचा होता. पाणी मागणं हा गुन्हा नाही. मी शहरात राहतो, हद्दवाढ व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. पण गावाला आधी लेखी हमी द्या, ही पाचगावकरांची मागणी मला रास्त वाटते.

खरा कोल्हापुरी

रास्त! पन्नास वर्षं हीच रास्त मागणी ऐकतोय. हद्द नाही वाढली म्हणून केंद्राचा निधी लोकसंख्येच्या हिशोबाने कमी येतो, निधी नाही म्हणून पाइप नाही, पाइप नाही म्हणून तुम्ही येत नाही. ही गाठ कुणीतरी आधी सोडायला हवी आणि दरवेळी शहरानेच का सोडायची?

दुधाळीतला एक

हद्दवाढीसाठी वेगळा धागा काढा की. मला गिझरचंच बोलायचंय.

२०१९ च्या ऑगस्टला पुराचं पाणी घरात आलं, २०२१ च्या जुलैला परत. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ४३ फूट, म्हणजे धोक्याच्या पातळीला गेलं की आमच्याकडं सामान माळ्यावर चढायला लागतं. फ्रिज उचलता येतो, टीव्ही उचलता येतो, भिंतीत ठोकलेला गिझर कोण काढणार? दुसऱ्या पुरात आमचा खालच्या मजल्यावरचा गिझर बुडाला. जादा कव्हर होतं, पैसे भरलेले. उत्तर आलं: नैसर्गिक आपत्ती कव्हरमध्ये नाही. वायरमननं उघडला तर आत गाळ. कोल्हापुरात गिझर मरतो तो एकतर खारानं नाहीतर पुरानं, आणि दोन्ही गोष्टी कार्डात वगळलेल्या. मग राहिलं काय त्या कव्हरात? या मुद्द्यावर मी खरा कोल्हापुरींच्या बाजूने आहे, हद्दवाढीच्या नाही.

बावड्याचा वायरमन

पुरात बुडालेला गिझर वाळवून तसाच चालू करू नका, एवढं ध्यानात ठेवा. वायरिंग, थर्मोस्टॅट, कटआउट सगळं बदलायचं. आणि दुधाळीकर, नवा बसवताना वरच्या मजल्यावर बसवा. पाइप थोडा लांब पडंल, गरम पाणी यायला वेळ लागंल, पण गिझर वाचंल.

राजारामपुरी आठवी गल्ली

दुधाळीकरांचा मुद्दा वजनदार आहे. तरी माझं मूळ म्हणणं तसंच आहे. कव्हरात खार वगळलाय म्हणूनच खार काढणारी सर्व्हिस हवी. बिघाडाचं कव्हर नको, हे मी पहिल्याच ओळींत लिहिलं होतं. पाचगावकरांसारख्या घरांना वर्षातून एकदा टाकी खोलून घेणं गरजेचं आहे. नळाचं पाणी असलेल्यांना दोन वर्षांतून एकदा चालेल. एएमसी घेतलीच तर करारात ‘टाकी खोलून सफाई आणि अ‍ॅनोड तपासणी’ हे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर सही करू नका.

खरा कोल्हापुरी

रॉडचं मान्य. मला ते माहीत होतं, पण दोन वर्षांत संपतो हे पाचगावकरांनी सांगितलं म्हणून मानतो, तुमच्या लेखामुळे नाही. मी ‘कधीच घेऊ नये’ लिहिलं ते ‘दुकानदाराकडून कधीच घेऊ नये’ असं वाचा. पैसे जातील ते पुढ्यात टाकी खोलणाऱ्या मिस्त्रीला. वायरमन, रॉड आणि सफाई मिळून किती घ्याल?

बावड्याचा वायरमन

गिझर बघितल्याशिवाय आकडा सांगणार न्हाई. रॉडची किंमत मॉडेलवर हाय, झाकणाचं रबर बी बदलावं लागतं, न्हाईतर तितनंच गळतं. आधी कार्ड बघा, वॉरंटीत बाहेरच्या माणसानं खोललेलं चालतंय का. चालत नसंल तर दोन वर्षं कंपनीचाच माणूस बोलवा आणि तो टाकी खोलेपर्यंत सही देऊ नका.

पाचगावकर

माझी वॉरंटी संपली आहे. पहिला नंबर माझा लावा. आणि खरा कोल्हापुरी, हद्दवाढीवर वेगळा धागा काढा, मी येतो.