नक्षी नावाहो, हात कुणाचे?

पायऱ्यापायऱ्यांची लाल-काळी नक्षी अमेरिकेच्या नैऋत्येतल्या नावाहो या आदिवासी जमातीच्या लग्नाच्या टोपलीची आहे, म्हणून ऑनलाइन घेतलेली टोपलीही नावाहोंनीच विणली असणार, असं तुम्ही म्हणता. नक्षीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण विणणाऱ्यांबद्दल मला तसं वाटत नाही.

या टोपल्या नावाहोंच्या विधींत लागतात, पण विणण्यावर त्यांच्यात बरेच निषेध होते. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या त्यातल्या कितीतरी टोपल्या शेजारच्या सान वान पायूट आणि यूट या जमातींच्या बायकांनी विणल्या आणि नावाहोंना विकल्या. म्हणजे जुनी, अस्सल टोपलीसुद्धा पायूट हातची असू शकते. विक्रेते तेवढं नाव गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. याच नक्षीच्या टोपल्या पाकिस्तानातही विणल्या जातात आणि अमेरिकी आदिवासींच्या म्हणून खपवल्या जातात. तिथल्या विणकरांचं कसबही मग निनावीच राहतं. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने अशी खोटी ओळख देऊन विकणं गुन्हा आहे.

टोपली उलटी करून नीट बघा. आपल्या बुरुडकामासारखी ती उभ्या-आडव्या कामट्यांची नसते, काड्यांचं वेटोळं फिरवत टाके घालत नेतात. पायूट टोपलीत सुमाक झुडपाच्या काड्या असतात. आयात मालात बहुतेकदा गवताची जुडी दिसते. नक्षीत मधून काठापर्यंत जाणारी मोकळी वाट मात्र दोन्हींत सापडेल, तिच्यावर विसंबू नका. विक्रेत्याला साहित्य कोणतं आणि विणकर कुठल्या जमातीची, एवढं लेखी विचारा.