अनुभव सांगा : डिकीतला वूफर आणि त्याचा बॉक्स, नेमका किती लिटरचा?

नवरात्र जवळ आली की बडोद्यात दोनच चौकशा सुरू होतात, गरब्याच्या पासची आणि गाडीतल्या वूफरची, म्हणजे जाड, खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची. वूफर कोणता घ्यावा हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. तो कसल्या बॉक्समध्ये बसवायचा, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. दुकानात जो तयार पडला असेल तो डिकीत जातो आणि मग "आवाज फाटतो", "नुसतं घुमतं" अशा तक्रारी वूफरच्या नावावर लागतात. म्हणून हा धागा. वर आपली वस्ती लिहा, मग गाडी कोणती, वूफर किती इंची, बॉक्स आतून किती लिटर, बंद की पोर्टवाला (हवेसाठी पाइप बसवलेला), कोणी बनवला आणि ऐकायला कसा लागतो, हे मोकळेपणी लिहा. वॅटचे आकडे नकोत, पुठ्ठ्यावर छापलेल्या वॅटवर या शहरात कोणाचा विश्वास उरलेला नाही. दुकानांची नावंही नकोत.

कारेलीबाग, सेडान, बारा इंची

मी कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, इलेक्ट्रिकल केलं. नोकरीभर ट्रान्सफॉर्मर सांभाळले आणि निवृत्तीनंतर मुलाचा वूफर गळ्यात पडला. पुठ्ठ्यात एक चिटोरं होतं, ते मुलाने फेकायला काढलं होतं. माझ्या मते वूफरहून ते चिटोरं महत्त्वाचं. त्यावर एफएस 30 हर्ट्झ, क्यूटीएस 0.5 आणि व्हीएएस 60 लिटर असे आकडे होते. हे थिएल-स्मॉल आकडे. नेव्हिल थिएलचा निबंध ऑस्ट्रेलियात 1961 साली आला, पण बाहेर त्याची दखल घेतली गेली ती 1971 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो पुन्हा छापल्यावर. रिचर्ड स्मॉलने लगेच पुढच्या वर्षांत त्यावर काम वाढवलं. आज मोबाइलवर जे बॉक्सचे हिशेब निघतात, त्यांच्या मुळाशी हे दोघे आहेत.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत वूफरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा डोलतो तो आकडा, हर्ट्झमध्ये. क्यूटीएस सांगतो की डोलणं किती लवकर आवरतं. व्हीएएसने लोक गोंधळतात, तो बॉक्सचा आकार नव्हे. कोनची टांगणी जितकी लवचीक आहे तितकीच लवचीक हवा किती लिटर, एवढाच त्याचा अर्थ. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगचं काम करते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून पाहा. पंपात हवा थोडी उरली की हात परत फेकला जातो. बॉक्स लहान केला की कोनचं तसंच होतं.

हिशेब सोपा आहे. बंद बॉक्समध्ये बसल्यावर जो क्यू हवा, त्याला क्यूटीसी म्हणतात. त्याला क्यूटीएसने भागा, वर्ग करा, एक वजा करा आणि आलेल्या आकड्याने व्हीएएसला भागा. क्यूटीसी 0.707 धरला, म्हणजे कुठेही उंचवटा नको, एखादाच सूर उगाच मोठा व्हायला नको असं ठरवलं, तर या वूफरला 60 लिटर लागतात आणि अनुनाद, म्हणजे बॉक्समध्ये बसल्यावर कोन स्वतःहून डोलतो तो आकडा, 42 हर्ट्झवर येतो. 0.9 धरला तर 27 लिटर आणि 54 हर्ट्झ. बॉक्स निम्म्याहून लहान झाला, तरी उंचवटा एक डेसिबलहून कमीच. पण हाच वूफर 13 लिटरच्या डबीत कोंबला की क्यूटीसी 1.2 च्या आसपास जातो, अनुनाद 72 हर्ट्झवर चढतो आणि तिथे अडीचेक डेसिबलची टेकडी उभी राहते. लोक ज्याला घुमणं म्हणतात ते हेच. आम्ही 0.8 वर थांबलो. त्याला साडेअडतीस लिटर लागतात.

गाडीत बंद बॉक्सला एक फुकटचा फायदा मिळतो. अनुनादाच्या खाली बंद बॉक्स दर सप्तकाला 12 डेसिबलने उतरतो, आणि गाडीची बंदिस्त जागा अगदी खालचे सूर जवळपास तितक्याच उताराने उचलून धरते. घरातल्या खोलीत हा फायदा इतका मिळत नाही. म्हणून घरच्या स्पीकरचे नियम डिकीला लावू नयेत.

वाडी, फर्निचरचं काम

कारेलीबागवाले काका, तुमचे लिटर बरोबर आहेत, पण ते सुतारापर्यंत कसे पोचतात तेही सांगा. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते "अठरा बाय चौदा बाय बारा" म्हणत. आतून की बाहेरून, ते विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघतं.

एक उदाहरण देतो. बाहेरून 45 बाय 36 बाय 30 सेंटिमीटर, म्हणजे 48.6 लिटर. 18 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घेतला की प्रत्येक मापातून 3.6 सेंटिमीटर जातात. आत उरतात 41.4, 32.4 आणि 26.4. गुणाकार केला तर 35.4 लिटर. वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट (धातूचा सांगाडा) आत दोन-अडीच लिटर खातं. हातात 33 उरले, एक तृतीयांश गेला. पुढची पाटी डबल केली, आतून आडवी पट्टी मारली, तर आणखी कमी. वूफरच्या कागदावर 1.25 घनफूट लिहिलंय म्हणजे साधारण 35 लिटर, आणि ते बहुतेक सगळं वजा करून उरलेलं माप असतं. दुकानात मिळणाऱ्या तयार बॉक्सवर बाहेरचं माप लिहिलेलं असतं किंवा काहीच लिहिलेलं नसतं. टेप घेऊन जा.

सीटच्या पाठीला टेकणारा तिरका बॉक्स असला तर वरची आणि खालची खोली मिळवून निम्मी करायची. आतून वर 20, खाली 32, तर सरासरी 26. उंची 33, रुंदी 41. झाले 35.2 लिटर. यात भूमिती काही नाही, फक्त सगळी मापं आतली घ्यायची.

जोड फेविकॉल आणि स्क्रूने पक्के केल्यावर आतून सिलिकॉन फिरवतो. त्याचा आंबूस वास पूर्ण गेल्याशिवाय वूफर चढवत नाही. मग उदबत्ती. मोबाइलवरून 25-30 हर्ट्झचा टोन हळू लावायचा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक जोडाजवळून फिरवायची. धूर थरथरला की तिथे फट. वायर ज्या भोकातून बाहेर येते तिथे हमखास सापडते.

मांजलपूर, सीएनजी वॅगन-आर

तुमची 35 लिटरं आमच्याकडे ठेवायची कुठे? डिकीत 60 लिटर पाण्याच्या मापाची सीएनजीची टाकी बसलीय. बडोद्यात निम्म्या ओळखीच्यांकडे हीच परिस्थिती, आणि दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, "टाकीच्या वर उभा करून देतो". ते करू नका. टाकीच्या व्हॉल्व्हकडे हात पोचला पाहिजे, आणि दर तीन वर्षांनी टाकी चाचणीला उतरवावी लागते. बॉक्स स्क्रूने फरशीला ठोकलेला असला तर चाचणीवाला आधी तुमच्यावर ओरडणार. शिवाय खाली पाइप कुठून जातो ते बघितल्याशिवाय फरशीत स्क्रू मारणं म्हणजे आपल्या हाताने संकट.

मी ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली बसणारा चपटा वूफर घेतला. आठ इंची, अॅम्प्लिफायर त्याच्याच पोटात. बॉक्स जुळवायचा प्रश्नच नाही, कंपनीने जुळवूनच दिलेला असतो. छाती हादरत नाही हे खरं, 40 हर्ट्झच्या खाली फारसं काही मिळत नाही. पण बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झला असते, म्हणजे बहुतेक गाण्यांचं भागतं. पॉवरची वायर बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज टाकून आणली आणि गॅसच्या पाइपच्या विरुद्ध बाजूने नेली. सीएनजी असताना इथे काटकसर करायची नाही.

अकोटा, हॅचबॅक, दहा इंची

मी तबला वाजवते. शिक्षण सूरसागरच्या काठच्या संगीत महाविद्यालयात झालं. गायक मौलाबक्षांनी 1886 साली सुरू केलेली गायनशाळा ती हीच. गाडीत मला डग्ग्याची घसीट (तळवा सरकवून काढलेला आवाज) ऐकू यायला हवी, तिचा सूर सरकताना कळला पाहिजे. भावाच्या गाडीत पोर्टवाला मोठा बॉक्स आहे. त्यात घसीट सुरू कुठून झाली आणि संपली कुठे काहीच समजत नाही, सगळे डग्गे एकाच सुराचे.

माझा बॉक्स बंद, आतून 18 लिटर, थोडा कापूस भरलेला. हा कापूस म्हणजे उशीत भरतात तो पॉलिस्टरचा. सैल भरला की वूफरला बॉक्स जरा मोठा भासतो. कोंबून भरला तर उलट जागाच खातो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराच्या खालचंच वूफरकडे जातं ती सीमा, दुकानात 120 हर्ट्झवर ठेवला होता, तो 80 वर आणल्यावर डिकीतून येणारा आवाज समोरून यायला लागला.

फतेहगंज, हॅचबॅक, बारा इंची, पोर्टवाला

ताई, एकच सूर येत असेल तर तो पोर्टचा दोष नाही, चुकीच्या ट्यूनिंगचा आहे. पोर्टवाल्यांना इथे सगळे नावं ठेवतात, म्हणून जरा लांब लिहितो.

पोर्टच्या बॉक्समध्ये आतली हवा आणि पाइपातली हवा मिळून एका ठरावीक सुराला डोलतात, तेच ट्यूनिंग. त्या सुराला कोन जवळजवळ स्थिर असतो, काम पाइप करतो. तिथे बंद बॉक्सपेक्षा स्पष्ट जास्त आवाज मिळतो, तोही तेवढ्याच अॅम्प्लिफायरवर. मला गरब्याचे ढोल गाडीत हवेत, आणि उत्तरायणाला गच्चीखाली गाडी लावून डिकी उघडी टाकायची असते. डिकी उघडली की काकांचा तो फुकटचा फायदा हवेत उडून जातो. तिथे पोर्टच कामाला येतो.

माझं गणित होतं निव्वळ 50 लिटर, ट्यूनिंग 32 हर्ट्झ. आतून 10 सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घेतला तर लांबी 39 सेंटिमीटर येते. साडेसात सेंटिमीटरचा घेतला तर 20 सेंटिमीटरवरच भागतं, म्हणून दुकानवाले तोच लावतात. पण त्याचं तोंड जवळपास निम्मं. आवाज वाढवला की हवा फुस्स-फुस्स करते. मोठाच पाइप घ्या. तो स्वतः पावणेचार लिटर जागा अडवतो, तेवढी बॉक्समध्ये वाढवून धरा.

आता मुद्दा आकाराचा. बंद बॉक्स पाच लिटर इकडेतिकडे झाला तर कानाला फारसं कळत नाही. पोर्टवाला माफ करत नाही. तोच पाइप ठेवून बॉक्स 50 ऐवजी 40 लिटरचा झाला तर ट्यूनिंग 32 वरून 36 वर जातं. पाइपाचं एक तोंड आतल्या भिंतीला टेकत आलं तर आणखी बिघडतं, निदान पाइपाच्या व्यासाइतकी मोकळी जागा सोडा. ट्यूनिंग खरंच कुठे आलंय ते घरी तपासता येतं. हळू आवाजात 25 ते 45 हर्ट्झचे टोन एकेक करून लावा आणि कोनकडे बघा. ज्या आकड्याला कोन सगळ्यात कमी हलतो आणि पाइपातून वारा सगळ्यात जोरात येतो, ते तुमचं ट्यूनिंग.

त्याच्या खाली गेलात की कोनला आतून कसलाच आधार उरत नाही, बॉक्स नसल्यासारखा तो मोकाट हलतो. पोर्टवर बहुतेक वूफर जातात ते इथे. अॅम्प्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) नसला तर पोर्टच्या वाटेला जाऊच नका, बंदच बरा. आणि कोणता वूफर पोर्टला चालतो याचा ठोकताळा म्हणजे एफएसला क्यूईएसने (चिटोऱ्यावरचाच आणखी एक आकडा) भागा. 50 च्या खाली आलं तर बंद, 100 च्या वर आलं तर पोर्ट, मधलं दोन्हीकडे चालतं.

कारेलीबाग, पुन्हा

फतेहगंज, तुझं बरोबर आहे, पण तुझ्या 50 लिटरच्या बॉक्सनंतर डिकीत बॅगा कुठे ठेवतोस ते लिहिलं नाहीस. आमच्याकडे लग्नाला कोल्हापूरला जायचं म्हणजे डिकी लागतेच.

समा

लाकडाबद्दल कोणीच लिहिलं नाही. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरलं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष मगर दिसते का याकडे, गाडीतल्या बॉक्सचं कोणाला काय पडलंय. वूफर वाळवून पुन्हा वाजला. एमडीएफ मात्र कडांनी फुगला, जोड उकलले, बंद बॉक्स बंद राहिलाच नाही. नवा मरीन प्लायचा (पाण्याला टिकणारा प्लायवूड) केला. महाग आहे, पण वजनाला हलका निघाला. जे नदीच्या बाजूला राहतात त्यांनी एमडीएफ घेतलाच तर निदान सगळ्या कडांना आतून-बाहेरून रंगाचा हात द्यावा.

पादरा रोड

नवीन आहे. हॅचबॅक आहे, बारा इंची वूफर भावजींनी भेट दिलाय, चिटोरं हरवलंय. डिकीत बाळाची गाडी ठेवावी लागते. बॉक्स किती लिटरचा करू?

वाडी

मॉडेल नंबर मॅग्नेटच्या स्टिकरवर असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर कागद सापडतो. नाहीच सापडला तर बारा इंचीला बंद बॉक्स निव्वळ 30 ते 35 लिटरचा धरा. पोर्ट चिटोऱ्याशिवाय करायचा नाही, तो माफ करत नाही हे फतेहगंजने सांगितलंच आहे. बाळाची गाडी घडी करून सोबत आणा. ती डिकीत ठेवून उरलेली जागा मोजू, तिरका बॉक्स सीटला टेकून बसतो का बघू. वूफरची खोली मोजायला विसरू नका, तिरक्या बॉक्समध्ये मॅग्नेट मागच्या पाटीला अडकतं. बुधवारी लाइट जातात, तो दिवस सोडून या.