हायब्रिड घ्यावी की थेट इलेक्ट्रिक? (सांगली–पुणे ये-जा)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमची डिझेल गाडी तेरा वर्षांची झाली, आता बदलायची आहे. फ्लॅटमध्ये राहतो. पार्किंगपर्यंत माझ्या मीटरची वायर न्यायला सोसायटी तयार नाही. वडिलांना तपासणीसाठी महिन्यातून दोनदा पुण्याला न्यावं लागतं, म्हणून वाटेत चार्जिंगला थांबणं नको वाटतं. टोयोटाची हायरायडर नाहीतर मारुतीची ग्रँड विटारा, यांची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्हींवर चालणारी) मनात आहे. मेहुणे म्हणतात, पुढं सगळं इलेक्ट्रिकच होणार, हायब्रिडला गिऱ्हाईक मिळणार नाही. वापरणाऱ्यांनी सांगावं.

घाटवाट:
मी अडीच वर्षं हायरायडर हायब्रिड चालवतोय, 41,000 किलोमीटर झाले. कोल्हापूर–रत्नागिरी हा माझा नेहमीचा रस्ता.

आधी घाटाचं सांगतो, कारण ही गाडी मला तिथंच कळली. आंबा घाटातून साखरप्याकडं उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मोटर जनरेटर होते आणि बॅटरी भरायला लागते. पण ही बॅटरी पाऊण युनिटचीच, त्यातलाही मधलाच भाग गाडी वापरते. निम्मा घाट उतरायच्या आत ती भरते. मग इंजिन पेट्रोल न जाळता नुसतं फिरतं आणि गाडीला धरून ठेवतं. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी गाडी बाजूला घेतली होती. बिघाड नाही तो. उतारावर गिअरचा दांडा ‘बी’वर टाका, ब्रेक तापत नाहीत.

आता तुमचा हिशोब. कंपनी लिटरला 27.97 किलोमीटर सांगते. मला कोल्हापूर शहरात 22-23 मिळतं, हायवेला शंभरच्या वेगात 19-20. साध्या पेट्रोल गाडीचं नेमकं उलटं असतं: शहरात 11, हायवेला 16-17. हायब्रिडची कमाई थांबत-निघत चालण्यात आहे, आणि तुमचं बहुतेक चालणं हायवेवरचं. महिन्याला हजार किलोमीटर हायवेला साधी गाडी 60 लिटर पिते, ही 51. नऊ लिटर वाचले, 105 रुपये भाव धरला तर साडेनऊशे. हायब्रिडला साध्या गाडीपेक्षा वरचे दोन लाख जातात, ते फिटायला सतरा वर्षं. तेवढंच चालणं पुण्याच्या गर्दीत असतं तर महिन्याला 45 लिटर वाचले असते आणि साडेतीन वर्षांत पैसे वसूल.

मेहुण्यांचं मला पटत नाही. टोयोटाची हायब्रिड प्रियस जपानमध्ये डिसेंबर 1997 मध्ये आली, अजून विकली जाते. टोकियोत 2017 पासून टॅक्सीसाठी मुद्दाम बनवलेली गाडी एलपीजी हायब्रिड आहे. दिवसभर सिग्नलला थांबणाऱ्या माणसाला तिचा उपयोग कळतो.

आणखी एक. डिकीखाली बॅटरी आहे, जागा कमी होते. वडिलांची व्हीलचेअर असेल तर शोरूमला सोबत न्या आणि आत ठेवूनच बघा.

विजेवर_पुणे:
घाटवाट यांनी प्रामाणिक आकडे दिले, पण मुळातली गोष्ट राहिली. या हायब्रिडला बाहेरून चार्ज करता येत नाही. मोटर चालवणारी सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. माझी गाडी इलेक्ट्रिक, सोसायटीत चार्जिंग पॉइंट आहे, तीन वर्षं पंपावर गेलो नाही. सरकारचाही कल उघड आहे: इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के, चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40. सोसायटीशी पुन्हा बोला, सोडू नका.

घाटवाट:
वीज पेट्रोलचीच, मान्य. पण एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाणारी ताकद परत मिळते, तेवढं पेट्रोल कमी जळतं. टोयोटा म्हणते, एका मोठ्या पल्ल्याच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतल्या खनिजात 90 हायब्रिड होतात. तो त्यांच्या धंद्याचा मुद्दा आहे, हे धरूनसुद्धा मला तो विचार करण्यासारखा वाटतो. ज्यांच्या घराखाली पॉइंट नाही, असे आपल्याकडं पुष्कळ आहेत. पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला न वाचवणारीइतकाच 40 टक्के कर, हे मात्र मला चुकीचं वाटतं. तुमच्याकडं पॉइंट आहे, तुमचा निर्णय बरोबरच.

कृष्णाकाठ:
दोघांचे आभार. सतरा वर्षांचा हिशोब वाचून थांबलो. रविवारी वडिलांना आणि व्हीलचेअर घेऊन शोरूमला जातोय, त्याच मॉडेलची साधी पेट्रोलही बघतो. सोसायटीच्या सभेला वायरीचा अर्ज पुन्हा देतोय, या वेळी खर्च माझा असं लिहून.

घाटवाट:
हायब्रिड चालवून बघणार असाल तर दुपारी जा. उन्हात एसी लावून सिग्नलला उभे राहा आणि इंजिन किती वेळानं चालू होतं ते मोजा. एसी बॅटरीवर चालतो, त्यामुळं मे महिन्यात ते लवकर चालू होतं.