प्रवासात सोबत कोण होतं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, किस्से टाका

कोलशेतकर
गणपतीच्या तिकिटांवरून घरच्या ग्रुपवर सकाळपासून धुमश्चक्री चालू आहे. आधी रिझर्वेशन 120 दिवस अगोदर उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आलं, पण वेटिंग लागायचा वेग काही बदललेला नाही. तर त्या भांडणातून जुन्या प्रवासांचे विषय निघाले आणि म्हटलं धागाच काढू. एकच अट, ठिकाणाची माहिती टाकू नका, ती नेटवर ढिगाने पडलीय. सोबत कोण होतं आणि वाटेत काय झालं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

आम्ही कुडाळचे. जायचं म्हणजे कोकणकन्या. आत्या दादरला चढणार, आम्ही ठाण्याला, काका पनवेलला, आणि तिकिटं एकत्र काढूनसुद्धा सीट तीन डब्यांत विखुरलेल्या. मग पनवेल सुटलं की बाबांचं काम सुरू, तुम्हाला लोअर देतो तुम्ही एस सहाला जा, यांना साइड अप्पर चालतंय का, असं करत करत सगळं खानदान एका कंपार्टमेंटमध्ये आणायचे. रेल्वेला जमलं नाही ते बाबांना जमायचं.

पण सांगायचंय ते आजीचं. आजी लग्न होऊन आली ती आगबोटीच्या काळात. भाऊच्या धक्क्यावरून बोट, ती किनाऱ्यापासून लांब खोल पाण्यातच उभी राहणार, मग ट्रंकेसकट पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायचं आणि पडाव किनाऱ्याला. बोटी बंद झाल्या मग रात्रभराची एसटी. एसटीत तिला कशेडी घाट हमखास लागायचा म्हणून एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात आलेपाक घेऊन बसायची. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बाबांनी तिला पहिल्यांदा गाडीने नेलं, तरी लिंबू हातात आहेच. दर अर्ध्या तासाने विचारतेय, घाट कधी यायचा रे? बाबा सांगतायत अगो आता घाट नाही, बोगदे आहेत. तिला पटेना. पहाटे रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा, संपता संपेना, तेव्हा म्हणाली, तिकिटाचे पैसे देऊन एवढा काळोख बघायचा होय! कुडाळला उतरल्यावर ते लिंबू आईच्या हातात दिलं, म्हणाली सरबत कर, फुकट नको जायला.

वाशीचा पक्का
आजी भारीच. आमचा किस्सा तर निघायच्या आधीच सुरू होतो, भेटायचं कुठे यावर. ठाण्याची गँग म्हणणार पहाटे साडेपाच, तीन हात नाका. अरे बाबांनो लोणावळ्याला जायचंय तर वाशीचा माणूस उलटा ठाण्याला कशाला येईल, कळंबोलीला भेटू ना. पण नाही. आणि जो तीन हात नाक्याच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो तोच सगळ्यात शेवटी येणार, डोळे चोळत, हातात टूथब्रश नसला म्हणजे नशीब.

पायपीट, कळवा
आमचं कळसूबाई. कॉलेजचा ग्रुप, पाऊस चालू, रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडली, कसाऱ्याहून जीप करून पहाटे बारी गावात. आमच्यात एक मित्र आहे त्याला आम्ही कुकर म्हणतो कारण तो कुठेही जाताना घरचं अख्खं जेवण घेऊन निघतो. त्या वेळी पाच लिटरचा स्टीलचा डबा, त्यात आईने दिलेले दडपे पोहे, आणि तो डबा सॅकमध्ये मावत नाही म्हणून हातात घेऊन चढतोय. लोखंडी शिड्यांवर एका हाताने दांडा, एका हाताने डबा. आम्ही त्याला वाटेत एवढं पिडलं, एवढं पिडलं. वर पोचलो तर नुसतं धुकं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, आणि दिसलं काय तर एकमेकांचे रेनकोट. आमची बिस्किटं पावसात लगदा झाली होती. मग काय, सगळे गुमान त्या डब्याभोवती. दडपे पोहे मुरून असले लागत होते की पिडणाऱ्यांनीच तळ खरवडला.

उतरताना त्याच्याच बुटाचा सोल सुटला. पुढून पूर्ण उघडला, प्रत्येक पावलाला फटॅक फटॅक. आधी क्रेप बँडेज गुंडाळलं ते चिखलात गेलं, मग सॅकचा पट्टा बांधला तो तुटला, शेवटी पोह्याची प्लास्टिकची पिशवी पायात घालून वरून नाडी आवळली आणि तो घसरत घसरत खाली आला. बारीत जिथे चहा घेतला तिथल्या काकूंनी मुलाच्या रबरी चपला दिल्या, म्हणाल्या परत आलास की दे. पुढच्या पावसाळ्यात हा खरंच चपला घेऊन गेला. काकूंना चपला अजिबात आठवत नव्हत्या, पण आमचे मागच्या वेळचे दोन चहाचे पैसे राहिले होते ते बरोबर आठवत होते.

घोडबंदरकरीण
हसून हसून पोट दुखलं. दडपे पोहे नेलेच कसे रे, ओलं खोबरं आंबत नाही का तोवर?

पायपीट, कळवा
सुकं खोबरं. त्याची आई तुमच्या-आमच्यासारखी नाहीये.

ऐरोली सेक्टरवाली
आमचा सोसायटीच्या बायकांचा ग्रुप. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं ना, त्यानंतर आम्हाला पंखच फुटले म्हणा. गाडी करायची, ड्रायव्हरचं जेवण, टोल कोण देणार, नवरा सोडेल का आणायला येईल का ही सगळी भानगडच संपली, पनवेल स्टँडला जायचं आणि लाल डब्यात बसायचं. पहिली ट्रिप अलिबाग. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना पूर्ण फुकट. दुसरीचा नवरा नुकताच रिटायर झालेला, घरी करमत नाही म्हणून तो पण आला, पण पासष्ट काही झालेली नव्हती त्याला. कंडक्टर आला, हाफ, हाफ, हाफ, हाफ, आजींचं शून्य, आणि काकांपाशी येऊन थांबला, म्हणाला तुम्ही एकटेच फुल्ल. झालं! अख्ख्या ट्रिपभर त्यांचं नाव फुल्ल पडलं. वडखळला गाडी अडकली की फुल्ल जरा खाली उतरून बघा काय झालंय, भेळ कालवायची तर फुल्लचा हिस्सा जास्त.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं म्हणून वेळ आधीच बघून ठेवली होती. सासूबाईंना घोडागाडीत बसवलं आणि बाकी आम्ही साड्या, ड्रेस गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यातून. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे तिथे त्या आजी पायरीवर बसल्या आणि आम्हाला उठूच देईनात, त्यांच्या माहेरच्या गोष्टी सुरू झाल्या, ज्या त्यांच्या सुनेनेही कधी ऐकल्या नव्हत्या. घरी हॉलमध्ये रोज समोरासमोर बसतात दोघी, सीरियल बघत. भरती यायला लागली म्हणून किल्ल्यावरच्या माणसाने आवाज दिला तेव्हा कुठे उठलो.

नकोच_मला_ग्रुप
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून लिहितो. मला दहा-बारा जणांबरोबर फिरायचा मनापासून कंटाळा आहे. एकाला मंदिर, एकाला बीच, एकाला झोप. चहाला थांबलं की एक उकाळा, दोन बिनसाखरेचे, एक कॉफी, एकाला काहीच नको पण तुझ्यातला घोटभर. परत आल्यावर हिशोब. नंतर जीपे करतो म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, आमच्या ग्रुपमध्ये तो बँकेत नोकरीला आहे. मी आणि बायको दोघंच जातो, गाडीत तासन् तास कोणी बोलत नाही, मस्त वाटतं.

वाशीचा पक्का
बायकोला पण मस्त वाटतं का ते विचारलंत का 😄

घणसोली सूनबाई
लग्नानंतर पहिलीच सहल, अष्टविनायक, तीही सासरच्या झाडून सगळ्यांबरोबर मिनीबसने. ज्याची बस ठरवली होती त्याने एसी सांगून पंखे असलेली गाडी पाठवली तो विषय वेगळा. मी नवीन, मला वाटलं खिडकीत बसून गप्प बघत जाऊ. कुठलं काय, कल्याण सोडलं नाही तोवर मामेसासऱ्यांनी अंताक्षरी सुरू केली आणि त्यांचा नियम असा की नवीन सुनेने प्रत्येक ‘ळ’ ला गाणं म्हणायचं. सांगा बघू ‘ळ’ वरून एक तरी गाणं. मुरबाड गेलं, माळशेज घाटात ढग गाडीत शिरत होते आणि मी ‘ळ’ शोधतेय.

लेण्याद्रीला 300 च्या आसपास पायऱ्या आहेत. सासऱ्यांचे गुडघे धड नाहीत म्हणून डोली ठरवली, तर ते बसेनात. देवाला जाताना चार माणसांच्या खांद्यावरून? त्यापेक्षा खालूनच नमस्कार करतो म्हणाले. डोलीवाल्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी सांगितलं, काका तुम्ही बसला नाहीत तर आज आमची बोहनी नाही. तेव्हा बसले. पण बसून पण स्वस्थ कुठले, दर वळणावर थांबवून त्यांना पाणी प्या म्हणून आग्रह, तुमचं गाव कुठलं, मुलं काय करतात. आम्ही चालत गेलेले त्यांच्या आधी पोचलो. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे खरं तर बौद्ध लेण्यांतलंच एक लेणं आहे, आत खांब नाही, एवढं मोठं दालन आणि थंडगार. सासरे तिथे बसून डोलीवाल्यांची सगळी माहिती सासूबाईंना सांगत होते, दर्शन राहिलं बाजूला. खाली येताना एका माकडाने सासूबाईंच्या हातातली प्रसादाची पिशवी अशी सफाईने काढली की त्यांना बराच वेळ कळलंच नाही, त्या रिकामी मूठ घट्ट धरून उतरत होत्या.

कोलशेतकर, ठिकाणाची थोडी माहिती आली त्यात, चालवून घ्या.

कोलशेतकर
ळ साठी तुम्हाला सगळं माफ.

रिव्हर्स गियर, कोपरी
छोटासा. हरिहरेश्वरहून दापोलीला जाताना बागमांडल्याला गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत घालून सावित्रीची खाडी पार करायची, पलीकडे वेसवी. रस्त्याने गेलं तर लांबचा वळसा. तिथल्या माणसाने सांगितलं गाडी रिव्हर्स घ्या. बाबा तीस वर्षं गाडी चालवणारे, एकदम घामाघूम, मागे पाणी दिसतंय ना. मागच्या सीटवरून आई, काकू, आत्या तिघी एकदम, डावीकडे, अहो उजवीकडे, थांबा थांबा. बाबांनी गाडी बंद केली, खाली उतरले, चावी त्या माणसाच्या हातात दिली आणि म्हणाले, यांना पण तुम्हीच घेऊन जा.

चिमणीचा बाबा, खारघर
भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो, मे संपता संपता, पावसाच्या आधी. लेक पाच वर्षांची, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं. गर्दी म्हणाल तर खारघरच्या रविवार बाजाराला लाजवेल. वनखातं सांगतं टॉर्च मारू नका, फ्लॅश नको, आवाज नको, कारण काजव्यांचं ते चमकणं म्हणजे जोडीदाराला बोलावणं असतं, मध्ये आपला उजेड आला की सगळा घोळ. तरी लोक हेडलाइट लावूनच गाड्या वळवत होते, डोक्यात जातात असली माणसं. एका गाववाल्या दादांनी आम्हाला रस्त्यापासून आत नेलं. सादड्याचं झाड होतं, अख्खं झाड एकदम लागायचं, एकदम विझायचं. लेक बराच वेळ बघत राहिली आणि मग मोठ्याने, म्हणजे आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, बाबा, यांचं बिल कोण भरतं? वहिनीला हसू आवरेना, तोंडात ओढणी कोंबून खाली बसली. आता घरात लाइट चालू राहिला की आम्ही हेच विचारतो.

दिवाळे कोळीवाडा
आमची एकच ट्रिप, दरवर्षी, चैत्रात, कार्ल्याला एकवीरा आईची. बाकी तुम्ही मनाली केरळ काय म्हणाल ते म्हणा. आळीतली सगळी घरं, टेम्पो भाड्याने, त्यात गाद्या टाकलेल्या, म्हाताऱ्या माणसांना पुढे केबिनमध्ये, पोरं मागे बँजोसकट. भांडी, चुलीला लाकडं, मसाल्याच्या बरण्या, सगळं घरून. जुन्या हायवेने जायचं, घाटात टेम्पो एवढा हळू की पोरं उतरून बाजूने नाचत चालतात आणि परत चढतात. वर पोचलं की आई माऊलीचा उदो उदो, पायऱ्या कशा संपतात कळत नाही. देवळाला लागूनच लेणी आहेत, आम्ही लहानपणापासून तिथे सावलीला बसायचो. मुलगी शाळेत इतिहास शिकायला लागल्यावर तिनेच दाखवलं की चैत्याच्या छताला जी कमानीसारखी लाकडं आहेत ती दोन हजार वर्षांपूर्वीची. माझी आई म्हणाली, मग, सागवान असंल, आपली होडी टिकंल का तेवढी?

आमच्या एका काकांचं दरवर्षी काही ना काही असतंच. एकदा खोपोलीला चहाला थांबलो, सगळे चढले, बँजो सुरू झाला, निघालो. घाट चढून वर आलो तेव्हा काकी विचारते, ह्यांना कुणी बगितलं का? पुढच्या टेम्पोला फोन, मागच्या टेम्पोला फोन, काका कुठेच नाहीत, त्यांचा मोबाइल काकीच्या पिशवीत. दोन पोरं बाइकवर परत खोपोलीला पाठवली. काकी रडायला लागली, बँजो बंद. तसेच कार्ल्याला पोचलो तर पायथ्याच्या टपरीवर काका पाय पसरून बसलेत, सोबत सारसोळ्याची मंडळी, त्यांच्या टेम्पोत चढून हे आमच्या आधी पोचलेले आणि त्यांच्याकडची भाकरी पण खाऊन झालेली. आम्हाला बघून उठले पण नाहीत, वर म्हणतात, येवरा उशीर? माजी चाय पन जाली. काकीने टेम्पोतून उतरतानाच चप्पल काढली ती पायऱ्या चढायला म्हणून नव्हे.